खुनाआधीची दहा मिनिटं

माझं माहेर कल्याणचं आणि सासर ठाण्याचं, नौपाड्यातलं. लग्न होऊन आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमच्या यजमानांना सरकारी नोकरीत कायम होऊन सहा महिने. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

हे अतिशय वक्तशीर. कचेरीत दहा मिनिटं आधी, लग्नाकार्याला अर्धा तास आधी. दाढी, आंघोळ, जेवण, सगळं घड्याळावर. फक्त सिनेमाला वेळेवर जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. हा आळस नव्हता, तत्त्व होतं. "आधी तेलाच्या आणि दंतमंजनाच्या स्लाइडी," ते मला समजावून सांगत, "मग बातमीपट, त्यात कुठलं तरी धरण. मग नावं. नावं वाचायला जायचं का आपण?" असा वेळ किती जातो हे त्यांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. वीस मिनिटं. तेव्हा तीनच्या खेळाला तीन वीसला पोचायचं.

अडचण एवढीच होती की स्टेशनाजवळच्या त्या थिएटरच्या मॅनेजरला हे तत्त्व ठाऊक नव्हतं. कधी बातमीपट यायचाच नाही, कधी स्लाइडी गहाळ व्हायच्या. आम्ही आत शिरायचो तेव्हा चित्रपट सुरू होऊन हमखास दहा मिनिटं झालेली असत.

पौराणिक चित्रपटात यानं काही बिघडत नाही. रावण कोण आणि सीता कोण हे घरूनच शिकून आलेलं असतं. सामाजिक चित्रपटातही चालून जातं, कारण पहिला अर्धा तास सगळे सुखात असतात. पण यांना आवडत फक्त रहस्यपट. आणि रहस्यपटात माणूस मरतो तो नेमका पहिल्या दहा मिनिटांत.

दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी, यांची अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपली की आम्ही त्या काळोखात शिरायचो. डोअरकीपर बॅटरी दाखवायचा, हे लोकांच्या पायांवर पाय देत पुढे, मी मागे. बसून पडद्याकडे बघावं तर एक बाई रडतेय, एक इन्स्पेक्टर वहीत काहीतरी लिहितोय आणि बंगल्यातले सगळे एकमेकांकडे संशयानं बघतायत.

"कोण मेलं?" मी हळूच विचारायची.

"कळेल," हे म्हणायचे.

कधी मध्यंतरापर्यंत कळायचं नाही. एकदा आम्ही दोघांनी सव्वा तास चुकीच्या माणसाचं सुतक पाळलं. आमच्या मते शेटजी गेले होते. मध्यंतरानंतर शेटजी हातात वर्तमानपत्र घेऊन जिन्यावरून खाली आले आणि अख्ख्या थिएटरात मी एकटी किंचाळले. मेला होता तो त्यांचा धाकटा भाऊ. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. हे मात्र खूश होते. "बघ," म्हणाले, "या लोकांना हा धक्का बसलाच नाही."

आमच्या वरच्या मजल्यावर एक सिस्टर राहायच्या. जवळच्या प्रसूतिगृहात नोकरी, वय चाळिशीचं, मूळच्या कोकणातल्या. एकट्या राहायच्या आणि एकट्याच सिनेमाला जायच्या. अशा बाईपासून चार हात लांब राहावं असं आमच्या आळीचं मत होतं, पण निम्म्या आळीची बाळंतपणं त्यांनीच केलेली असल्यामुळे ते मत फार दिवस टिकत नसे.

शेटजींच्या त्या प्रकरणानंतरची गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी त्या बाहेरून आल्या. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, शेजारी सासूबाई वाती वळत होत्या. सिस्टरांच्या हातात तिकिटाचा तुकडा होता आणि तो त्याच चित्रपटाचा असणार हे मी ओळखलं.

"सिस्टर," मी म्हटलं, "सुरुवातीला काय होतं हो त्यात? आम्ही शनिवारी पाहिला, पण मेलेला माणूस आम्हाला भेटलाच नाही."

सिस्टर पायरीवर टेकल्या. थोडा विचार केला आणि सांगायला लागल्या.

"आधी माणूस नाहीच. नुसता जिना. लाकडी. वर कुठंतरी दिवा असेल, त्याची एक पट्टी तिसऱ्या पायरीपर्यंत आलेली. खाली चपलांचा जोड. एक चप्पल सुलटी, एक पालथी."

सासूबाईंचा हात वातीवर थांबला. सिनेमा हा विषय त्यांना वर्ज्य होता. आयुष्यात त्यांनी एकच चित्रपट पाहिला होता, तो मुका होता आणि देवाचा होता.

"मग?" मी म्हटलं.

"मग वर कुणीतरी तांब्या खाली ठेवतं. एवढाच आवाज. परत सगळं शांत. बराच वेळ तो जिनाच दाखवतात. आपण म्हणतो, आता कुणी उतरेल, आता उतरेल. कुणी उतरत नाही. आणि मग ती उजेडाची पट्टी जाते."

"म्हणजे दिवा कुणी मालवला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही दाखवत," सिस्टर म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

सासूबाईंनी हातातली वात पुरी वळली आणि म्हणाल्या, "पालथी चप्पल कुणी तरी सुलटी करायला हवी होती." त्या दिवशी त्यांनी आमच्या दारातल्या सगळ्या चपला दोनदा नीट लावल्या.

पुढे तो रिवाजच पडला. आम्ही शनिवारी चित्रपट बघायचा, सिस्टरांनी मधल्या वारी बघायचा आणि ओसरीवर बसून आम्हाला सुरुवात सांगायची. खून त्या कधीच सांगत नसत. खुनाच्या दाराशी नेऊन थांबायच्या. सांगायच्या त्या फक्त वस्तू: भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ, खुंटीवर एकच छत्री जिथं दोन असायला हव्यात, कुत्र्यापुढची न खाल्लेली पोळी. त्या मोठ्या आवाजात सांगत नसत, हातवारे करत नसत. ताप किती आहे ते सांगावं तशा सांगत. त्यामुळे मला जास्त भीती वाटायची.

एकदा त्यांनी चहाच्या कपानं सुरुवात केली. "रिकामी खोली. मेजावर कप. वाफ येतेय. एक घोट कमी झालेला."

"कपात की बशीत?" सासूबाईंनी मध्येच विचारलं. एव्हाना त्यांनी विषय वर्ज्य असल्याचं सांगणं सोडून दिलं होतं.

सिस्टर थांबल्या. "कपात," म्हणाल्या.

"म्हणजे घरातला नव्हे. घरातला असता तर बशीत ओतला असता. आणि वाफ येतेय म्हणजे तो आत्ता उठून गेलाय. कुणाची तरी चाहूल लागली त्याला."

सिस्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच आहे."

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी कल्याणला गेले. वहिनीला सिनेमाचा शौक होता आणि तिचं तत्त्व यांच्या बरोबर उलट होतं. पैसे दिलेत तर दंतमंजनाची जाहिरातसुद्धा बघायची. पत्र्याच्या छपराच्या त्या थिएटरात आम्ही पंखे सुरू व्हायच्या आधी जाऊन बसलो. चित्रपट लागला होता तो नेमका चहाच्या कपाचा. मी वहिनीला बजावून सांगितलं, "सुरुवात नीट बघ हं. अंगावर काटा येतो."

नावं संपली. पडद्यावर तळं आलं. तळ्यात होड्या, होड्यांत मुली, सगळ्या गात होत्या. एक जाडा माणूस पाण्यात पडला आणि लोक हसले. मग आणखी एक कडवं. शेवटी एक तारवाला आला, नायकानं तार फोडली आणि कपाळाला हात लावला. वडिलांचा खून झाला होता. खोली नाही, मेज नाही, कप नाही. खून तारेनं कळला.

"काटा कधी यायचाय?" वहिनीनं विचारलं.

उरलेला चित्रपट मी पाहिला तो पडद्यावरचा नव्हे. सिस्टर आम्हाला वर्षभर काय सांगत होत्या आणि का, हेच डोक्यात चाललं होतं. फसवलं गेल्याचा राग यायला हवा होता, तो येत होता. पण तळ्यातल्या होड्या बघून त्याहून जास्त राग आला, हेही खरं.

नौपाड्यात परत आल्यावर गच्चीत कपडे वाळत घालताना सिस्टर एकट्या सापडल्या. मी सरळच विचारलं.

"सिस्टर, तो चहाचा कप त्यात नाहीये."

त्यांनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला, चिमटे लावले. "नसेल," म्हणाल्या. "मी कुठं पाहिलाय? माझी ड्यूटी तीनला सुटते. चार्ज द्यायचा, हात धुवायचे, घरी येऊन साडी बदलायची. थिएटरात पोचेपर्यंत साडेतीन. खेळ तीनचा. मी एकाही सिनेमाची सुरुवात बघितलेली नाही, कित्येक वर्षांत."

"मग जिना? चपला?"

"शेवटी कोर्टात निघालं ना, की धाकट्याला जिन्यावरून ढकललं म्हणून? मग जिना असणारच. चपला माझ्या पदरच्या."

मला हसावं की रागवावं कळेना. त्या मात्र गंभीरच होत्या.

"आमच्याकडे बाई येते ती अशीच मधूनच येते," त्या सांगायला लागल्या. "कळा सुरू झालेल्या. सोबत सासू असते, आई नसते. नवरा दारातच उभा राहतो, आत येत नाही. हातावर जुना भाजल्याचा डाग. विचारलं तर कुणी सांगत नाही आणि विचारायला वेळही नसतो. आधी काय झालं असेल ते आपणच लावायचं. तसं लावलं नाही तर तिच्याशी बोलायचं कसं, तेच कळत नाही. ती सवय झालीय. सिनेमाचंही मग तसंच होतं."

दोरीवर आणखी दोन कपडे घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आईंना सांगणार आहात?"

"नाही," मी म्हटलं. यात माझा मोठेपणा काही नव्हता. सांगितलं तर सुरुवाती बंद होतील ही भीती होती. पुढच्या वेळी त्या सांगायला बसल्या तेव्हा सगळं माहीत असूनही माझे तांदूळ निवडायचे राहिलेच.

संकट आलं ते भलतीकडून. एके दिवशी जेवताना सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "येत्या शनिवारी मला तो नवा खुनाचा सिनेमा दाखव."

यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"आणि वेळेवर जायचं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "सुरुवात चुकता कामा नये. असतं ते सगळं सुरुवातीलाच असतं. आणि वरच्या बाईंनाही बरोबर घ्या. इतकं सांगतात बिचाऱ्या."

आईपुढे तत्त्व चालत नाही. यांनी शनिवारी रजाच टाकली. सिस्टरांनी ड्यूटी बदलून घेतली, नाही म्हणायला त्यांना सांगण्याजोगं कारण सापडलं नाही. आम्ही चौघं पोचलो तेव्हा थिएटरचे दरवाजेही उघडले नव्हते. लेडीजच्या बाजूला न बसता आम्ही वर बाल्कनीत एका रांगेत बसलो: हे, सासूबाई, सिस्टर आणि मी. सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आता होड्या येणार, मुली गाणार, सासूबाई माझ्याकडे आणि मग सिस्टरांकडे बघणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. त्या दिवशी सगळ्यात मोठा रहस्यपट आमच्याच रांगेत चालू होता आणि यांना त्याचा पत्ता नव्हता. ते आईला स्लाइडी वाचून दाखवत होते. बातमीपटात धरण आलं. ते सासूबाईंना फार आवडलं.

मग नावं आली, हे तीही वाचायला लागले, आणि नावं संपली.

गाणं नव्हतं. संगीतच नव्हतं. पडद्यावर एक पांढरं बेसिन होतं आणि नळाचं पाणी पडत होतं. त्यात दोन हात आले, पुरुषाचे. चेहरा नाही. हात रुमाल धूत होते आणि पाणी काळं होत होतं. त्या काळ्यापांढऱ्या चित्रात पाणी नुसतं काळं दिसतं, ते कसलं आहे कुणी सांगत नाही, पण अख्खं थिएटर चिडीचूप झालं. हातांनी रुमाल पिळला, झटकला, नीट घडी घालून दांडीवर टाकला. घाई कसलीच नव्हती. मग एका हातानं दिवा मालवला आणि दार ओढल्याचा आवाज झाला.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या पुढे वाकून बसल्या होत्या आणि पदर बोटाला तसाच गुंडाळलेला राहिला होता. त्यांनी सांगितली असती तशीच ती सुरुवात होती. सिनेमातही कुणीतरी कुठंतरी अशी सुरुवात करतं, हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं.

त्या शांततेत सासूबाई म्हणाल्या, "पिळा उलटा घालतोय मेला."

घरी धुणेवालीशी बोलत तोच आवाज होता, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दोन-चार जण हसले. हे म्हणाले, "आई, हळू."

सासूबाईंना हिंदी फारसं समजत नव्हतं, म्हणून त्या बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. हात बघत होत्या. तीन-चार प्रसंग गेले. वकील झाला, नायक झाला, नायिकेचा एक सज्जन मामा आला. नायिकेला ताप भरला. मामा तिच्या उशाशी बसला, वाटीतल्या थंड पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि मायेनं तिच्या कपाळावर ठेवलं.

"हाच तो," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?" यांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"खुनी. बघ ना, पिळा तसाच उलटा. हाच मघाचा."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. "आजी, आम्हालाही बघायचाय," म्हणाले. त्यांच्या शेजारचा मात्र पुटपुटला, "अरे, खरंच रे."

चित्रपटाला अजून सव्वादोन तास होते. नायकावर संशय आला, मग वकिलावर, मग माळ्यावर. दर वेळी पुढच्या रांगांतून कुणी तरी म्हणायचं, "मामा," आणि हशा व्हायचा. मध्यंतरात सासूबाई म्हणाल्या, "आता घरी जायला हरकत नाही ना?" पण हे उठले नाहीत. आई चुकली असेल अशी त्यांना थोडी आशा होती. शेवटी कोर्टात मामानं कबुली दिली, तेव्हा वरच्या मजल्यावरची निम्मी माणसं पडद्याकडे न बघता सासूबाईंकडे बघत होती. त्या तेव्हा चष्मा पुसत होत्या.

आम्ही पायीच निघालो. हे चार पावलं पुढे चालत होते. वाटेत सासूबाई सिस्टरांना म्हणाल्या, "सुरुवात चांगली होती. तुम्ही सांगता तशी."

सिस्टर थांबल्या. "आई, मी सांगते त्या सुरुवाती..."

"ठाऊक आहे मला. मी ओसरीवरच असते. तुम्ही सव्वातीनला साडी बदलायला वर जाता आणि मग सिनेमाला निघता. तीनचा खेळ कसा सापडेल?" आणि जरा चालल्यावर म्हणाल्या, "पण तुमच्यात गाणी नसतात. ते बरं."

यांनी मागे वळून विचारलं, "काय झालं?" तिघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

त्यानंतर हे पुन्हा तीन वीसलाच जायला लागले. खुनी पहिल्या दहा मिनिटांत कळला तर उरलेला वेळ माणसानं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि आता त्यांच्याकडे पुरावा होता. सिस्टर सुरुवाती सांगत राहिल्या. आता सगळ्यांना सगळं माहीत असल्यामुळे सासूबाई उघडच सूचना करायला लागल्या. "तो जिना परत घ्या," म्हणायच्या. सिस्टर घेत नसत.

दोनेक वर्षांनी सिस्टरांनी कल्याणच्या एका प्रसूतिगृहात नोकरी धरली आणि खोली सोडली. पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले ते त्यांच्याच भरवशावर.

दुपारी कळा सुरू झाल्या. वहिनीनं मला आणून सोडलं आणि ती बाहेर बसली. कळांच्या मधल्या वेळात मी घाबरून खाटेची दांडी धरून बसले होते. सिस्टर शेजारी स्टुलावर बसल्या, माझी नाडी धरली आणि नेहमीच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "एक वाडी आहे. नदीकाठी. आपल्या खडवलीला असते तशी. घराचं दार सताड उघडं. चुलीवर भाताचं आधण उकळतंय. तांदूळ धुवून ठेवलेत, पण आत टाकलेले नाहीत."

"कोण होतं घरात?" मी विचारलं.

"ते नाही दाखवत. अंगणात एक दोरी आहे. दोरीवर लुगडं, अर्धंच पसरलेलं. अर्धं खाली मातीत."

"आणि बाई?"

कळ आली. ती गेल्यावर मी पुन्हा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "नदीकडून कुणीतरी येतंय. पायांचा आवाज आहे, पण गडबड नाही." पुन्हा कळ आली. पुढची दोन तासांची हकीकत सांगण्यासारखी नाही, पण घाबरायला मला सवड मिळाली नाही एवढं आठवतं. साडेचारच्या सुमाराला मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी सिस्टर फेरीवर आल्या तेव्हा मुलीला पाजता पाजता मी विचारलं, "नदीकडून कोण येत होतं?"

त्या विचार करायला लागल्या. "कुठल्या नदीकडून?" म्हणाल्या. "मधे दोन बाळंतपणं झाली हो." आणि त्यांनी मुलीचं दुपटं सारखं केलं.